एका ताग्याची माणसं

जावयाला देवाने तोंड दिलंय ते फक्त घास घालायला की काय, हा प्रश्न टेलरबाईंना लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पडला होता आणि अजून सुटलेला नव्हता.

माणूस तसा वाईट नव्हता. व्यसन नाही, उलट उत्तर नाही, चपला दाराबाहेर सरळ लावून आत येणारा. पण बोलणं म्हणाल तर तीन शब्द. "हो." "नको." आणि ताटात वाढायला गेलं की "पुरे." आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे हाक. सासूला हाक मारायची वेळ आली की हा खोकायचा. दारात उभा राहून खोकायचा, जिन्यात खोकायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन खोकायचा. टेलरबाई मुद्दाम वळायच्या नाहीत. मग तो जरा मोठ्याने खोकायचा.

"अहो, यांना एकदा डॉक्टरकडे घेऊन जा," त्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. "घशात काहीतरी अडकलंय. मला तर वाटतं 'आई' अडकलंय."

नवरा इस्त्रीवरून नजर न काढता म्हणायचा, "आडवं अडकलं असेल."

खाली दुकान आणि मागे घर, अशी त्यांची मांडणी होती. दुकानात दोन शिलाई मशिनी, भिंतीला आरसा, कोपऱ्यात पडद्याआड माप देण्याची जागा आणि मधोमध कटिंगचं लांबलचक टेबल. त्या टेबलावर टेलरबाईंची कातर असायची आणि त्या कातरीला दुसऱ्याने हात लावला की त्यांना दुसऱ्या खोलीत बसून कळायचं. थोरला मुलगा कापायचा, सून काज-बटण करायची, नवरा इस्त्री करायचा आणि टेलरबाई सगळ्यांच्या चुका काढायच्या. शिवायच्याही, पण ते काम त्यांच्या लेखी दुसरं.

या घराची एक रीत होती. दर वर्षी टेलरबाई पेठेत जाऊन घरासाठी एक तागा निवडायच्या. एकच. त्यातून नवऱ्याचा शर्ट, मुलाचा शर्ट, सुनेचा कुर्ता, लेकीचा झगा, खिडकीचे पडदे, उशांचे अभ्रे, आणि उरलं तर मशीनवर घालायचं झाकण. सगळे मिळून बाहेर पडले की एखाद्या शाळेची सहल निघाल्यासारखं दिसायचं. सून नवीन होती तेव्हा एकदा आरशापुढे उभी राहून म्हणाली होती, "आई, मी पडद्यासमोर उभी राहिले की दिसतच नाही." टेलरबाई म्हणाल्या, "मग कामं कशी चुकवायची ते तुला कळलं म्हणायचं." दोघी खूप हसल्या होत्या आणि सून त्या दिवशी घरची झाली.

जावयाच्या अंगावर मात्र या घरातल्या कुठल्याच ताग्याचा चिंधीएवढा तुकडाही नव्हता. लग्नानंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा टेलरबाई गळ्यात टेप टाकून उत्साहाने पुढे झाल्या होत्या. "या, तुमचं माप घेते." तो दोन पावलं मागे सरला होता. "नको. आहेत मला." टेलरबाईंनी टेप गुंडाळली. पुन्हा विचारणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांच्या माहेरी काय आणि सासरी काय, विचारायचं ते एकदाच. हवं असलं तर माणूस हो म्हणतो, नको असलं तर नको. त्यात कीर्तन कशाला?

बरं, हाच माणूस दर रविवारी सकाळी मालाचा टेम्पो आला की कोणी न सांगता उठायचा आणि एकेक तागा खांद्यावर घेऊन फळीवर नेऊन रचायचा. थोरला दोन आणेपर्यंत हा पाच आणायचा. टेलरबाई ते बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आधी त्याने बोलावं.

त्यात आता वरच्या खोल्यांचा प्रश्न आला होता. धाकटा मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. लेक आणि जावई राहत होते ते घर त्यांना सोडावं लागणार होतं. लेकीच्या मनात वर राहायला यायचं होतं. टेलरबाईंच्या मनात तर इतकं होतं की त्यांनी वरच्या खिडक्या पुसून ठेवल्या होत्या आणि कोणी विचारलंच तर धूळ फार येते म्हणून सांगायचं असंही ठरवून ठेवलं होतं. पण जावई हो म्हणेना आणि नकोही म्हणेना.

"उद्या सकाळी आम्ही भाड्याने बघितलेल्या त्या नदीपलीकडच्या घराच्या मालकाला उत्तर द्यायचंय," त्या रविवारी लेक स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत म्हणाली. "आई, तू एकदा त्यांना ये म्हण ना."

"मी? मी का म्हणू? खोल्यांना कुलूप आहे का? जिन्यात कुत्रा बांधलाय का मी?"

"त्यांना वाटतं तुला आवडणार नाही."

"कशावरून वाटतं?"

लेकीने कप पालथा घातला. "ते सांगत नाहीत."

"कसं सांगतील! खोकला आवरला तर ना. ऐक, मी आमंत्रणाची ताटं घेऊन जावयाच्या मागे फिरणार नाही. यायचं असेल तर तोंड उघडावं. नसेल तर नदीपलीकडे जाऊन माशांशी गप्पा माराव्यात."

लेक हसली नाही, ते टेलरबाईंनी बघितलं. पण त्यांनी चहाचा ट्रे उचलला आणि दुकानात गेल्या, कारण खेळाची वेळ झाली होती.

हा खेळ म्हणजे टेलरबाईंची दुसरी तक्रार होती, निदान सुरुवातीला तरी. सुट्टीच्या दिवशी कटिंगच्या टेबलावर ही मंडळी बसायची. एक जण एक अख्खं जग चालवतो आणि बाकीचे त्या जगातली माणसं होतात. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा एक फासा सांगतो. जग चालवणारा होता जावई. आणि गंमत अशी की टेबलाच्या डोक्याशी बसला की हा माणूस बोलायचा. नुसता बोलायचा नाही, घोड्यांचा व्यापारी होऊन शिव्या द्यायचा, चेटकीण होऊन किंचाळायचा, राजाचा लठ्ठ स्वयंपाकी होऊन रडायचा. "दैत्याशी बोलतो, भुताशी बोलतो, सासूशी बोलत नाही," टेलरबाई पहिल्या दिवशी पडद्याआडून ऐकत नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

"तू दैत्य होऊन बघ," नवरा म्हणाला होता.

पुढे टेलरबाई टेबलाची राखण करायला म्हणून येऊन बसल्या. कोणी चहा सांडू नये, कातरीला हात लावू नये. मग एकदा जावयाने वर्णन केलं की घाटात एक दैत्य बसलाय आणि त्याची विजार गुडघ्यावर फाटलीय. टेलरबाईंना राहवेना. "कधीची फाटलीय? आणि सगळं गाव नुसतं बघत बसलंय? सुईदोरा नाही का तुमच्या जगात?" जावयाने खोकून घेतलं आणि म्हणाला, "मग या ना तुम्हीच खेळात."

अशी या जगात एक शिंपीण आली. तलवार नको, मंत्राची काठी नको, टेलरबाई शिंपीणच राहणार म्हणाल्या. शिंपिणीने आल्या आल्या एक निळा तागा घेतला, थोरल्याच्या तलवारबहाद्दराला, लेकीच्या चोरटीला आणि सुनेच्या वैद्यबाईला त्यातून अंगरखे शिवले आणि त्याच ताग्याचं ठिगळ दैत्याच्या गुडघ्यावर लावलं. स्वतःला काही शिवलं नाही. स्वतःसाठी शिवायला त्यांना कुठल्याच जगात वेळ नसायचा. "तागा मी उचलणार नाही," एवढं मात्र त्यांनी बजावलं. म्हणून जावयाने एक हमाल दिला. मुका. तो निळा तागा खांद्यावर घेऊन सगळीकडे मागोमाग यायचा.

आज तो दैत्य डोंगराच्या बोगद्यात जाऊन झोपला होता. नदी त्याच बोगद्यातून खालच्या गावात यायची. दैत्य आडवा पडल्यामुळे पाणी त्याच्या पाठीमागे तुंबलं होतं आणि गाव कोरडं पडलं होतं. त्याला हलवायचं कसं?

"ढकला," थोरला म्हणाला.

"वीस हत्तींचं वजन आहे," जावई म्हणाला. "या जगात एकच जादू चालते. जुळणीची. तिचे कायदे तुम्हाला माहीत आहेत."

टेलरबाईंना ते कायदे पहिल्या दिवशीच आवडले होते, कारण त्यात भुरळ वगैरे काही नव्हतं, सरळ दुकानातला हिशेब होता. पहिला कायदा सारखेपणाचा. दोन वस्तू एकसारख्या असल्या की एकीला जे कराल ते दुसरीला होतं. यात नवल काय? कागदाचा फर्मा बाहीत चुकला की त्यावरून कापलेले सगळे शर्ट बाहीत चुकतात. दुसरा कायदा स्पर्शाचा. एकदा जे एकमेकांना लागून राहिलं ते दूर गेलं तरी सुटत नाही. तेही खरंच. वापरलेला सदरा खुंटीला टांगला तरी त्याच्या कोपरांकडे बघून कोणाचा आहे ते सांगता येतं. आणि तिसरा कायदा ओझ्याचा. फुकट काही हलत नाही. दूरचा धोंडा हलवायला हातातला खडा उचलाल तर तो खडा धोंड्याएवढा जड लागतो. जुळणी जितकी पक्की तितकं ओझं हलकं, आणि ओझं वाटून घ्यायला माणसं असली तर आणखी हलकं.

"शिंपीण काय करते?" जावयाने विचारलं.

"शिंपीण बाहुला करते." टेलरबाईंनी खरोखरच टेबलाखालच्या टोपलीतून एक निळी चिंधी उचलली आणि बोलता बोलता तिला गाठ मारून डोकं केलं. "दैत्याचा. माझंच ठिगळ आहे त्याच्या गुडघ्यावर. कापड तेच, वीण तीच, रंग तोच. याच्याहून पक्की जुळणी कुठे मिळणार? बाहुला उचलला की दैत्य उचलला."

जावयाचे डोळे चमकले. "बाकीचे कुठे आहेत?"

"आम्ही तिघं आत," लेक म्हणाली. "पायथ्याचे दगड काढतोय. आई बाहेर, बोगद्याच्या तोंडाशी."

"आणि हमाल?" सुनेने विचारलं.

"हमाल तुमच्या मागोमाग आत गेला," जावई म्हणाला. "त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं."

टेलरबाईंनी फासा टाकला. अठरा! थोरल्याने टेबलावर थाप मारली. टेलरबाईंनी ऐटीत बाहुला धरून वर उचलला.

"दैत्य उचलला गेला," जावई सावकाश म्हणाला. "झोपेतच. घोरत घोरत बोगद्याच्या छताला टेकला. आणि त्याच्याबरोबर तलवारबहाद्दर उचलला गेला. चोरटी उचलली गेली. वैद्यबाई उलटी उचलली गेली."

"का?" थोरला ओरडला.

"अंगरखे कुठल्या कापडाचे आहेत?"

सगळ्यांनी त्या निळ्या चिंधीकडे बघितलं. मग सून टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. "आई! सगळं एकाच ताग्याचं! इथेही तेच आणि तिथेही तेच!"

"पडदे लावले असते तर तेही आले असते," नवरा इस्त्रीमागून म्हणाला.

"हसताय काय!" टेलरबाई म्हणाल्या, पण त्यांच्याही ओठांचं टोक हललं. "चांगलं कापड घेतलं ते एकदाच घेतलं. बरं, मी बाहुला हळूच बाहेर आणते. दैत्य बाहेर, तुम्हीपण बाहेर."

"चार जणांचं ओझं आहे," जावई म्हणाला. "एका हातावर. फासा टाका."

फासा पडला. तीन.

"हात सुटला. दैत्य गडगडत बोगद्याबाहेर येऊन पडला, जागा झाला, बसून डोळे चोळतोय. तुम्ही तिघं मात्र आत खाली आपटलात. आणि आता दैत्य मध्ये नाही." जावयाचा आवाज खाली गेला. "नदी येतेय."

लेकीने आईचा दंड धरला. लेकीच्या चोरटीवर सगळ्यांचा जीव होता. ती मेली तर लेक जेवणार नाही हे टेलरबाईंना माहीत होतं. त्यांनी पदर खोचला, जसा गिऱ्हाईक दारात उभं असताना बटण तुटलं की खोचायच्या.

"दैत्य कुठे बसलाय?"

"तुमच्या शेजारी."

"ए बाबा," टेलरबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ती विजार कोणी शिवून दिली? मी दिली. ऊठ. चालायला लाग. डोंगर उतरून सरळ चालत जा, मागे बघू नकोस."

जावई दैत्य झाला. गाल फुगवून, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "का?"

"का म्हणून मला विचारायचं नाही. मी माझ्या मुलांनाही विचारू देत नाही."

दैत्याने थोडा विचार केला. "बरं," तो म्हणाला.

थोरला खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "ओझं दैत्य ओढतोय! त्याच्या ठिगळाला आमचे अंगरखे जोडलेत!"

आणि मग जावयाने ते असं काही सांगितलं की नवऱ्याने इस्त्री उभी करून ठेवली. दैत्य ढांगा टाकत डोंगर उतरतोय आणि त्याच्या गुडघ्याच्या मागे हवेतून, ओवलेल्या बटणांसारखे, एकामागून एक तिघं येताहेत. तलवारबहाद्दर ओरडतोय, वैद्यबाई अजून उलटीच, चोरटीने वाटेत कोणाचं तरी आंब्याचं झाड साफ केलंय. त्यांच्या मागे पाणी, आणि खालच्या गावात माणसं घागरी घेऊन धावताहेत. शेवटी टुण्णकन निळा तागाही उडत येऊन शिंपिणीच्या पायाशी पडला. कोरडा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेने थोरल्याच्या पाठीत धपाटा घातला. फक्त टेलरबाई वाजवायच्या थांबल्या.

"तागा आला," त्या म्हणाल्या. "हमाल कुठे?"

जावई टेबलाकडे बघत म्हणाला, "पाणी आलं तेव्हा त्याने तागा खांद्यावरून काढून वर कपारीत ठेवला. भिजू नये म्हणून. तो स्वतः आत आहे."

"मग त्यालाही ओढा."

"त्याच्या अंगावर त्या ताग्यातलं काही नाही."

"का नाही?"

"तुम्ही दिलं नाहीत."

टेलरबाईंनी टेबलावरची चिंधी उगाच सारखी केली.

"विचारलं होतं मी त्याला," टेलरबाई म्हणाल्या. "नको म्हणाला."

"मुका हमाल नको कसं म्हणाला?" थोरल्याने विचारलं, आणि सुनेने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"एकदाच विचारलंत," जावई म्हणाला. तो फाशाशी खेळत होता. "तो ज्या गावचा आहे तिथे पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे. लगेच हो म्हणणं हावरटपणाचं समजतात. दुसऱ्यांदा विचारलं की घेतात. त्याच्या आईने त्याला तसंच शिकवलंय. तो दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिला."

"इतके दिवस?"

"हो."

"आणि हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"मुका आहे ना," लेक हळूच म्हणाली.

टेलरबाईंनी समोर बघितलं. जावयाचा शर्ट. पांढरा, तयार घेतलेला, कॉलरच्या टोकाला धागा सुटलेला. दर रविवारी याच शर्टाच्या खांद्यावर त्यांचे तागे चढत होते. त्या ताडकन उठल्या.

"तागा आणा रे इकडे. खेळातला नाही. खरा. तो, वरच्या फळीवरचा, या वर्षीचा."

थोरल्याने आणून टेबलावर ठेवला. टेलरबाईंनी त्यावर हात फिरवला. "हे बघा. तागा खांद्यावरून नेला की त्याला बाक येतो. दिसतो? हा खोलगट भाग. ज्याने वाहिला त्याचा खांदा आहे हा, अगदी फर्म्यासारखा. सारखेपणा झाला की नाही? आणि सगळ्या वाटेवर तागा कोणाच्या अंगाला लागून होता? तुमच्या त्या तलवारबहाद्दराने एक अंगरखा घातला. हमालाने अख्खा तागा घातलाय. स्पर्श झाला की नाही? दोन्ही कायद्यांत बसतंय. आता नाही म्हणून दाखवा."

जावई त्या ताग्यातल्या खोलगट जागेकडे बघत राहिला. "बसतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज कुठल्याच सोंगाचा नव्हता. "पण दैत्य लांब गेलाय. ओझं कोण घेणार?"

"मी."

"एकटीला झेपणार नाही."

"मी पण," लेक म्हणाली. "आणि मी," सून म्हणाली. "मी तर घेणारच, माझा पाय मोडला तरी," थोरला पाऊल चोळत म्हणाला.

"मी सुद्धा," नवरा म्हणाला.

"अहो, तुम्ही खेळात नाही."

"आत्ता आलो."

सगळ्यांनी ताग्याला हात लावला. टेलरबाईंनी फासा दोन्ही तळव्यांत घेऊन खुळखुळवला आणि इतक्या जोरात टाकला की तो टेबलावरून उडी मारून खाली गेला, मशीनच्या पायाला आपटला आणि दिसेनासा झाला. मग काय, सगळं घर जमिनीवर. थोरला मशीनखाली, सून चिंध्यांच्या टोपलीत, लेक पडद्यामागे, नवरा चष्मा नसताना आरशाखाली हात फिरवतोय, आणि टेलरबाई गुडघे धरून टेबलाखाली. तिथे जावई आधीच पोचला होता. त्याच्या अंगठ्याखाली फासा होता. टेलरबाईंना फक्त त्याची एक बाजू दिसली, आणि ती वरची नव्हती.

"किती पडले?" मशीनखालून थोरला ओरडला.

जावयाने फासा मुठीत घेतला. मग त्या मुक्या हमालाने, जो आजवर एका अक्षराने बोलला नव्हता, बुडत्या माणसाला वर काढल्यावर जसा श्वास लागतो तशा आवाजात टेबलाखालून सांगितलं:

"आई, तागा भिजला नाही."



"किती पडले ते विचारलंय त्याने," टेलरबाई म्हणाल्या. आणि त्या खोकल्या.

"पुरेसे," जावई म्हणाला.

दुकानात एकदम कल्लोळ झाला. थोरल्याने मशीनखालून बाहेर येताना डोकं आपटून घेतलं आणि तरी तो नाचला. सुनेच्या केसांत चिंध्या होत्या. नवरा म्हणाला, "मी आलो म्हणून झालं," आणि कोणी त्याला नाही म्हटलं नाही. टेलरबाई टेबलाला धरून उठल्या, पदर सारखा केला आणि खुंटीवरची टेप काढून गळ्यात टाकली.

"इकडे या, जावईबापू. आरशापुढे उभे राहा."

"नको, कशाला उगाच तुम्हाला..."

टेलरबाई थांबल्या. कुठल्याही दैत्याला उचलायला लागलं नसेल इतकं बळ लावून, या घरात कोणी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

"माप घेऊ का तुमचं?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"हो," जावई म्हणाला.

"आणि वरच्या खोल्यांत राहायला येता का?"

"नको, तुम्हाला गैरसोय..."

"येता का?"

"हो, आई."

पडद्यामागे लेक रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. सून तिला पाणी देत होती आणि स्वतःच पीत होती. टेलरबाईंनी त्या दोघींकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी टेप जावयाच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेली, डोळे बारीक केले, पुन्हा नेली. खडूने ताग्यावर एक खूण केली. मग समोर येऊन उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकाला खरं सांगायचं असलं की राहायच्या तशा, कमरेवर हात ठेवून.

"ऐका आता, जावईबापू, एकदाच सांगते. माणूस अस्सल आहात, पण मापात तिरके. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय, माझे तागे वाहून वाहून. दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे गेलात तर तो आत कापूस भरून सरळ करून देईल. मी देणार नाही. मी आहे तसा शिवणार, म्हणजे गल्लीत तुम्हाला पाठमोरं बघितलं तरी लोकांना कळेल की हा कोणाच्या घरचा. आणि यापुढे माझ्या जिन्यात उभे राहून खोकलात ना, तर त्या दैत्याला हाक मारीन. तो माझं ऐकतो."